काडतुसाच्या मशीनमधला भंडारा

मुरुमच्या बाजारात कुणालाही कल्याणप्पांच्या लेथचा पत्ता विचारा, माणूस आधी उलटा प्रश्न करतो, "काय मोडलंय?" कारण कल्याणप्पांकडं कुणी सहज जात नाही. मोटारीचा शाफ्ट झिजला, कडबाकुट्टीचं बेअरिंग गेलं, रसवंतीच्या चरकाचा दात तुटला, की मगच माणसाला त्यांची आठवण होते. आणि गेल्यावर मोडलेली वस्तू पाहण्याआधी ते गिऱ्हाइकाकडं पाहतात. "ही मोडली न्हाय, तुमी मोडलीय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वय एकसष्ट. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, कानामागं पेन्सिल. चष्म्याची एक काडी मूळची, दुसरी तांब्याच्या तारेची. ती त्यांनी स्वतःच वळवली आहे आणि मूळच्या काडीपेक्षा ती जास्त टिकली, हे ते दर महिन्याला एकदा तरी कुणाला तरी सांगतात. दुकानात एक लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर, आणि जमिनीवर धातूच्या किसाचा असा थर की अनवाणी माणूस उंबऱ्यावरूनच बोलतो.

पण नवा माणूस आत आला की त्याची नजर जाते मागच्या भिंतीवरच्या फळीकडं. तिथं जुनी मशीनं ओळीनं मांडलेली असतात; गेल्या वर्षीपर्यंत ती पाच होती. वीतभर रुंद बूड, दोन उभे खांब, वर उलट्या टांगलेल्या दोन बाटल्या आणि बाजूला एक लांब दांडा. कुणाला ते रस काढायचं यंत्र वाटतं, कुणाला बटणं बसवायचं. कल्याणप्पा शांतपणे सांगतात, "काडतूस भरायचं मशीन हाय. बारा बोअरचं." मग समोरचा माणूस दोन पावलं मागं सरकतो, आणि ते पाहायला त्यांना फार आवडतं.

हा नाद लागला हैदराबादेत. एकविसाव्या वर्षी ते तिथं एका परवानाधारक बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. तिथले उस्ताद सत्तरीचे, दातांनी पार गेलेले, पण बोटांनी अजून तरणे. जुन्या शिकाऱ्यांच्या घरातली ही हातमशीनं त्यांच्याकडं दुरुस्तीला यायची. वापरलेलं काडतूस खाली ठेवायचं, दांडा ओढायचा. एका खेपेला बुडातली उडालेली टोपी निघायची, दुसऱ्या खेपेला वरच्या बाटलीतून मोजून माल पडायचा, आणि शेवटच्या खेपेला काडतुसाचं तोंड सहा घड्या घालून चांदणीसारखं मिटायचं. ते मिटलेलं तोंड पाहून तरुण कल्याणप्पा पहिल्या दिवशी जेवायचं विसरले होते. गंजून अडकलेल्या दांड्यावर त्यांनी एकदा हातोडा उचलला तेव्हा उस्तादांनी मनगट धरलं. "लोहे कू मारू नक्को मियाँ, पूछ उसकू." लोखंडाला मारायचं नाही, विचारायचं. दुकान बंद झालं, उस्ताद गेले. जाताना आपलं स्वतःचं हिरवं मशीन ते ह्या शिष्याला देऊन गेले. बाकीची चार कल्याणप्पांनी उमरग्याच्या आणि सोलापूरच्या भंगारातून शोधून आणली, तुटलेले भाग लेथवर नव्यानं कातले, मूळचा रंग जुळवला. त्यांचा एकच नियम होता: जुन्या ओतीव कामाला नवं भोक पाडायचं नाही. वस्तू जशी जन्मली तशी उभी करायची.

दुकानात बारूद नाही, छर्रे नाहीत, बंदूक तर त्यांनी आयुष्यात उडवलेली नाही. दाखवायचं झालं तर एका बाटलीत मोहरी असते, दुसरीत ज्वारी. एकदा बिभीषण हवालदार चौकशीला आले. कुणीतरी सांगितलं होतं की लेथवर काडतुसं बनतात. कल्याणप्पांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि दांडा हातात दिला. हवालदारांनी ज्वारीची एकवीस काडतुसं भरली. बाविसावं भरताना त्यांना आपण कशाला आलो ते आठवलं.

"ह्याचा उपयोग काय पण, अप्पा?" जाताना त्यांनी विचारलं.

"काय न्हाय," कल्याणप्पा अभिमानानं म्हणाले.

ते उत्तर गेल्या वर्षी खोटं ठरलं.

गेल्या वर्षी कार्तिकात एका सकाळी त्यांची थोरली बहीण उमादेवी एसटीतून उतरून थेट दुकानात आली. उमादेवी म्हणजे अक्का. दिली अणदूरला, वय सदुसष्ट, बोलणं असं की समोरच्यानं आधी हसावं आणि घरी गेल्यावर विचार करावा. दसऱ्याच्या आसपास ती धुण्याच्या दगडावरून घसरली होती. प्लास्टर निघालं होतं, पण उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती.

"बस अक्का, चहा सांगतो."

"चहा नको. हात दे."

"हात?"

"व्हय. माझा गेलाय. तू साऱ्या तालुक्याच्या मशिनींला हातपाय बसवतोस. मला एक बसव."

कल्याणप्पा हसले, पण अक्का हसली नाही. तेव्हा त्यांनी लेथ बंद केला.

अणदूरच्या खंडोबाचा एक रिवाज आहे. देव वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळ मैलारपुरात राहतो. मार्गशीर्षात देव नळदुर्गाला निघतो तेव्हा अणदूरला यात्रा भरते. देवळाच्या पायरीखाली भंडाऱ्याच्या पुड्या विकायला अकरा जण बसतात, आणि ह्या अकरा जणांचा आपसातला एक कायदा आहे. तो कुठं लिहिलेला नाही, म्हणून कुणी मोडतही नाही. ज्याच्या हातची पुडी, त्याची बैठक. पुडी स्वतः भरायची, स्वतः मिटायची, आणि एक यात्रा जरी चुकली तरी ती जागा पुढच्या माणसाची. अक्काची बैठक पहिल्या पायरीलगतची. तिच्या आधी तिथं तिची सासू बसायची, सासूच्या आधी सासूची सासू. चाळीस वर्षं अक्कानं ती चुकवली नव्हती. बाळंतपणाच्या वर्षीसुद्धा ती लेकराला मांडीवर घेऊन बसली होती.

"पोरगा पुण्याहून म्हणतोय, आई, तयार पाकिटं पाठवतो," अक्का म्हणाली. "शेजारणी म्हणतेत, आमी भरून देतो. पण दुसऱ्याच्या हातच्या पुड्या घेऊन म्या तिथं कुठल्या तोंडानं बसू? रणधीर रोज येऊन विचारतोय, 'काकू, हात कसाय?' लई काळजी हाय त्याला. माझ्या बाजूलाच बसतो न्हवं तो."

"मग आता?"

"तेच तुला विचारायला आले."

कल्याणप्पांनी डोकं खाजवलं, पेन्सिल खाली पडली, ती उचलायला ते वाकले, आणि वर पाहताना त्यांची नजर फळीवर गेली. अक्का त्या फळीला वीस वर्षं 'काडतुसाचं देवघर' म्हणून हिणवत आली होती. त्यांनी एक मशीन उतरवलं, कागदाचं रिकामं काडतूस ठेवलं, दांडा ओढला. ज्वारी पडली. पुन्हा ओढला. तोंड मिटलं.

अक्कानं ते काडतूस डाव्या तळहातावर घेतलं. अंगठ्याएवढं, सहा घड्यांचं, फुलासारखं मिटलेलं. तिनं ते हलवलं. आत ज्वारी खुळखुळली. बाहेर एक दाणा आला नाही.

"हे एका हातानं केलंस?"

"एका हातानं."

"डाव्या हातानं व्हईल?"

"आज न्हाय व्हणार," कल्याणप्पा म्हणाले. "पण व्हईल."

यात्रेला तेवीस दिवस होते.

काम दिसायला सोपं होतं, करायला नव्हतं. पाचही मशीनांचा दांडा उजव्या बाजूला. तो डावीकडं घ्यायचा तर खांबाला नवं भोक पाडावं लागणार, आणि चार मशीनांचे खांब डावीकडं इतके बारीक होते की भोक पाडल्यावर ताण सोसला नसता. दोन्ही बाजूंनी सारखं जाड ओतकाम एकाच मशीनचं होतं. उस्तादांच्या.

दोन दिवस ते हिरवं मशीन ड्रिलखाली नुसतं उभं होतं. कल्याणप्पा येता-जाता त्याच्यावरची धूळ पुसायचे. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको तुळजाबाई डबा घेऊन आली तेव्हाही ते तसंच उभं होतं.

"अजून विचारताय का त्येला?" ती म्हणाली. "काय म्हणतंय?"

"काय बोलंना."

"मग नको म्हणत न्हाय, असं समजा."

जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, मशीनला नमस्कार केला आणि भोक पाडलं. पोलादी टोक आत गेलं आणि चाळीस वर्षांचा नियम किसाच्या दोन वेटोळ्यांत खाली पडला.

मग मात्र त्यांना झोप गोड लागायला लागली, कारण अडचणी आता नुसत्या लोखंडाच्या उरल्या होत्या. दांड्याला त्यांनी पेरणीच्या जुन्या पाभरीची लाकडी मूठ बसवली. अक्काला ती मूठ जन्माची ओळखीची. छर्रे मोजणाऱ्या सरकत्या पट्टीत त्यांनी पितळेचं नवं बुश, म्हणजे मापाची पोकळ नळी, कातून बसवलं, अक्काच्या तीन चिमटींएवढं. माप घ्यायला तिला पुन्हा मुरुमला बोलावलं होतं. अक्कानं डाव्या हातानं तीन चिमटी काढून दिल्या, कल्याणप्पांनी त्या वजनकाट्यावर टाकल्या. नऊ वेळा काढल्या आणि नऊही वेळा काटा एकाच ठिकाणी थांबला. "हे कसं काय?" ते थक्क होऊन म्हणाले. अक्का म्हणाली, "तुझा काटा चांगला हाय की."

खरी कटकट पिठानं केली. छर्रे असोत की ज्वारी, गोल दाणा आपोआप खाली घरंगळतो. दळलेली पूड तसं करत नाही. ती बाटलीच्या तोंडाशी कमान धरून बसते. खाली पोकळी, वर ढीग, आणि मधे पूड गप्प. कल्याणप्पांनी भंडाऱ्याऐवजी घरचं डाळीचं पीठ घालून पाहिलं. दहा खेपांपैकी चार रिकाम्या. त्यांनी बुशाचं भोक वर अरुंद, खाली रुंद कातलं. दहापैकी दोन रिकाम्या. शेवटी त्यांनी बैलाच्या गळ्यातलं एक जुनं घुंगरू घेतलं, स्प्रिंगवर बसवलं आणि दांड्याला असं जोडलं की दांडा अर्ध्यावर आला की घुंगरू बाटलीला टिचकी मारणार. टिचकी बसली की कमान ढासळायची आणि पूड खाली यायची. शंभर खेपा झाल्या. एकही रिकामी नाही. फक्त एक पथ्य होतं: अर्ध्यावर टिचकी ऐकायची, श्वासभर थांबायचं, मगच दांडा पुरता दाबायचा.

आता राहिलं होतं धुणं. भंडारा देवाचा, लोकांच्या कपाळाला लागणारा, जिभेवर जाणारा. मशीनच्या सांध्यांत तर उस्तादांच्या काळापासूनचं ग्रीस. कल्याणप्पा घरी गेले आणि मोरीतला धुण्याच्या सोड्याचा डबा उचलला.

"कशाला पायजे?" तुळजाबाईनं विचारलं.

"मशीन धुवायला. उस्तादांची रीत हाय. कडकडीत पाण्यात सोडा, ग्रीसचा बाप निघतो."

"पण भंडाऱ्याला..."

"तुला काय कळतंय मशीनमधलं," ते म्हणाले आणि डबा घेऊन निघाले. तुळजाबाईनं 'बरं' म्हटलं. तीस वर्षांच्या संसारात तिचं 'बरं' कशाचं असतं हे त्यांना एव्हाना कळायला हवं होतं.

यात्रेला आठ दिवस असताना ते मशीन पोत्यात गुंडाळून अणदूरला निघाले. एसटीत कंडक्टरनं पोत्यातून वर आलेला दांडा पाहून विचारलं, "अप्पा, काय हाय ह्यात?" "हात हाय, बहिणीचा," ते म्हणाले. कंडक्टर घाईनं पुढच्या सीटकडं सरकला.

अक्काच्या ओसरीवर शेजारपाजारचे वीसेक लोक जमले. रणधीरही आला होता. पंचेचाळिशीचा, दणकट, भरदार मिशांचा, पायरीपासून दुसऱ्या बैठकीचा मालक. अक्कानं आधीच दोन दिवस बसून कागदाच्या नळ्या वळून ठेवल्या होत्या. डाव्या हातानं वळायच्या, उजव्या तळव्यानं दाबायच्या, बूड दुमडून खळीनं चिकटवायच्या. कल्याणप्पांनी बाटलीत भंडारा भरला. सोन्यासारखी पिवळी हळद. अक्का पाटावर बसली, डाव्या हातानं पाभरीची मूठ धरली, ओढली. घुंगरू वाजलं. ती थांबली. दाबलं.

पुडी मिटली. लोकांनी "यळकोट यळकोट जय मल्हार" म्हणत टाळ्या वाजवल्या. अक्कानं एका दमात सात पुड्या केल्या. "दावा की उघडून," रणधीर म्हणाला, आणि एक पुडी उचलून त्यानं स्वतःच उघडली.

आत भंडारा होता, पण पिवळा नव्हता. पिवळ्यात लालभडक रेघा होत्या, जखमेतून आल्यासारख्या. दुसरी उघडली, तीही तशीच. तिसरीत तर लाल गोळाच.

एक म्हातारी कानाला हात लावून पुटपुटली. रणधीर हळूच म्हणाला, "काकू, वाईट वाटून घेऊ नका. पण शिकारीचं मशीन हाय ते. देवाला चाललं नसंल."

कल्याणप्पांचा चेहरा विभूतीहून पांढरा पडला. पितळेचं बुश, पोलादाचा दट्ट्या, स्प्रिंग... लाल काय येईल ह्यातून? उस्तादांच्या मशीनला भोक पाडलं, त्याचं तर हे नव्हे ना, असाही एक विचार त्यांच्या मनात आला.

अक्कानं लाल गोळा बोटांनी चुरला, नाकाशी नेला, जिभेच्या टोकाला लावला. मग भावाकडं पाहिलं.

"कल्ल्या. हे कशानं धुतलंस?"

"सोड्यानं."

"कुठल्या?"

"धुण्याच्या. वाळवलं होतं की म्या..."

"सांध्यांत पाणी ऱ्हायलं असंल," अक्का म्हणाली, आणि इतकी हसली की दुखऱ्या हाताला डाव्या हातानं धरावं लागलं. "अरं येड्या! हळदीत सोडा न्हाय तर चुना गेला, वर ओल लागली, की तिचं काय व्हतंय? कुंकू व्हतंय! माझी सासू ह्याच ओसरीवर करायची. सहा वर्षांच्या पोरीला ठावं असतंय हे. आन् चाळीस वर्षं लेथ चालवणाऱ्याला न्हाय!"

बायका हसायला लागल्या, मग पुरुष हसले, सगळ्यात शेवटी कल्याणप्पा. त्यांना एकदम तुळजाबाईचं 'बरं' आठवलं.

पण रणधीर हसला नाही. "कुंकू असो का काय असो," तो म्हणाला, "मुद्दा निराळा हाय काकू. मशीन भरतंय, तुमचा हात कुठं भरतोय? उद्या म्या बी मोटर बसवतो, मग काय करायचं? शंभुलिंगअण्णांनी सांगावं." शंभुलिंगअण्णा म्हणजे अकरा जणांतले सगळ्यांत जुने, वय ब्याऐंशी, त्यांचा शब्द पायरीवर शेवटचा. ठरलं की यात्रेच्या तीन दिवस आधी, सकाळी, देवळाच्या पायरीखाली अण्णा मशीन पाहतील आणि अक्कानं बसायचं की नाही ते सांगतील. रणधीर काही दुष्ट नव्हता. पण त्याची बायको वीस वर्षं दुसऱ्या बैठकीवरून पहिलीकडं पाहत आली होती, आणि घरी त्यालाही जायचं होतं.

रणधीर गेल्यावर अक्का हसायची थांबली. मशीनकडं पाहत म्हणाली, "कल्ल्या, त्या दिवशी एक बी पुडी लाल निघाली, तर म्या आपणहून उठंन. कुणी सांगायची वाट बघणार न्हाय."

"न्हाय निघणार."

"ह्या खेपेला मला विचारून धू."

अक्कानं सांगितलं तसं झालं. मशीन पुरतं सोडलं. बारीकसारीक धरून चव्वेचाळीस भाग ओसरीवर मांडले. चिंच भिजत घालून पातेलंभर पाणी केलं, प्रत्येक भाग त्यात बुडवून घासला. सोड्याला चिंच मारते. मग साध्या पाण्यातून तीनदा काढून उन्हात वाळवला, सांध्यांना ग्रीसऐवजी खोबरेलाचं बोट. शेवटी अक्कानं ओली हळद चिमटीत घेतली आणि एकेका भागावर चोळत गेली. जिथं हळद लाल, तो भाग परत चिंचेत. पहिल्या फेरीत अकरा भाग परत गेले. दुसऱ्या फेरीत तीन. तिसऱ्या फेरीत एक स्प्रिंग तेवढी हट्टाला पेटली. संध्याकाळपर्यंत चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस भागांवर हळद पिवळीच राहिली. कल्याणप्पांनी आयुष्यात माप तपासायची नाना साधनं वापरली होती, पण कुठं काय दडलंय ते चिमूटभर हळदीनं सांगावं, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

घरी परतल्यावर तुळजाबाईनं विचारलं, "झालं का कुंकू?"

"तुला ठावं होतं?"

"मला काय कळतंय मशीनमधलं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

ठरलेल्या सकाळी पायरीखाली अर्धं गाव जमलं. शंभुलिंगअण्णा काठी टेकत आले, दगडावर बसले. मशीन समोरच्या कट्ट्यावर ठेवलेलं. त्यांनी ते नुसत्या बोटांनी चाचपलं. मूठ, दांडा, घुंगरू. घुंगरावर त्यांचं बोट थांबलं.

"ह्यो बैल कुणाचा?"

"आमच्या वडलांच्या जोडीतला," कल्याणप्पा म्हणाले.

"हं." अण्णा रणधीरकडं वळले. "तुझं म्हणणं काय?"

"अण्णा, मशीनची पुडी ती मशीनची. हातची न्हाय. कुणीबी दांडा वढला की पुडी तयार. ह्यात काकूंचा हात कुठं आला?"

"कुणीबी वढला की तयार?"

"मग काय तर!"

"मग वढ की तू."

लोक हसले. रणधीरनं बाह्या सारल्या, कट्ट्यासमोर बसला, नळी ठेवली आणि उजवा हात आडवा नेऊन मूठ धरली. गडी पैलवानी अंगाचा. त्यानं दांडा एका झटक्यात तळाशी नेला. टिचकी वाजायच्या आत दट्ट्या खाली आला. पुडी मिटली, पण रिकामी. "पहिलीला व्हतंय असं," तो म्हणाला आणि दुसरी नळी ठेवून आणखी जोरात ओढलं. आता पहिल्या खेपेचा आणि दुसऱ्या खेपेचा भंडारा एकदम उतरला, नळी चिरडली, आणि दट्ट्याखालून पिवळा लोट उठला तो थेट रणधीरच्या मिशांत. तो शिंकला. शिंक कट्ट्यावर सांडलेल्या भंडाऱ्यावर गेली आणि तोही उडाला डोळ्यांत, कपाळावर, नव्या सदऱ्यावर.

"यळकोट यळकोट..." मागून कुणीतरी सुरुवात केली आणि साऱ्या कट्ट्यानं "जय मल्हार!" म्हणून आरोळी दिली. एक म्हातारा तर पुढं होऊन रणधीरच्या पाया पडला.

"रणधीर, चरक न्हाय रं ह्यो," अक्का म्हणाली. "उठ, डोळं धू."

ती बसली. डावा हात मुठीवर. दांडा अर्ध्यावर आला, घुंगरू वाजलं, ती थांबली. त्या थांबण्यात घाई नव्हती आणि आळसही नव्हता. चाळीस वर्षं चिमूट सोडण्याआधी ती जशी क्षणभर थांबायची, तसंच. मग दाबलं. घुंगरू, थांबणं, दाबणं. घुंगरू, थांबणं, दाबणं. बारा पुड्या झाल्या. कल्याणप्पा पुड्यांकडं बघत नव्हते. ते डोळे मिटून आवाज ऐकत होते.

अण्णांनी बारापैकी मधलीच एक उचलली. घड्या मोजल्या. उघडली. तळहातावर ओतली. थुंकीचं बोट लावून चोळली, कारण ओसरीवरची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती. अक्का उठायच्या तयारीत गुडघ्यावर हात ठेवून होती.

तळहात पिवळा. नुसता पिवळा.

"ह्यात हात कुठाय म्हणतोस?" अण्णा डोळे चोळणाऱ्या रणधीरला म्हणाले. "तू दोनदा वढलंस, तेव्हा मशीन हेच होतं न्हवं? मग फरक कशाचा पडला? पुडी उमाच्या हातचीच हाय. उजव्या न्हाय, डाव्या. आपल्या कायद्यात कुठला हात ते कुणी सांगितलेलं न्हाय." मग काठी आपटून त्यांनी पुढचं जोडलं, "पण मोटर लावायची न्हाय. कुणीच. ज्या दिवशी मोटर लागंल त्या दिवशी बैठक जाईल."

"म्या कशाला मोटर लावू?" अक्का म्हणाली. "मोटरीला कुठं थांबता येतंय?"

रणधीर ओल्या मिशा पुसत उभा होता. तो कल्याणप्पांच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मामा, तुमच्या फळीवर अजून चार हायेत म्हणं."

"हायेत की."

"एखादं उजव्या हाताचं..."

"मशीन देतो," कल्याणप्पा म्हणाले. "पण थांबायचं कसं ते शिकायला अक्काकडं बसावं लागंल. आन् ती चहा देत न्हाय."

यात्रेच्या दिवशी देव निघायच्या आधी गर्दी अशी की पायरी दिसेना. अक्का आपल्या जागी होती, पहिल्या पायरीलगत, समोर सहा पाकळ्यांच्या पुड्यांचा ढीग आणि बाजूला हिरवं मशीन. पुड्या संपत आल्या की ती तिथंच चार भरायची. घुंगराचा आवाज ऐकून माणसं मागं वळायची, थांबून पाहायची, पुडी उघडायच्या आधी तिचं मिटलेलं तोंड एकमेकांना दाखवायची. पलीकडं रणधीर बसला होता आणि गिऱ्हाइकांना स्वतःहून सांगत होता, "लई अवघड असतंय ते, दिसतंय तसं न्हाय. म्या केलंय."

कल्याणप्पा रांगेतून आले. इतरांसारखा हात पुढं केला. अक्कानं त्यांच्यासाठी एक पुडी नव्यानं भरली आणि तळहातावर ठेवली. ते बाजूला झाले. पालखी पायरीवर आली, सगळीकडून भंडारा उधळला जाऊ लागला, आकाश, झेंडे, माणसांचे केस सगळं पिवळं. त्यांनी पुडी उघडली. पण उधळायच्या आधी पाठ फिरवून, कुणी बघत नाही असं पाहून, त्यांनी चिमूटभर भंडारा अंगठ्यावर घेतला, जिभेनं अंगठा ओला केला आणि नीट चोळून डोळ्यांजवळ नेला.

"बघ, बघ!" मागून अक्काचा आवाज साऱ्या गर्दीवरून आला. "झाला का लाल?"

आजूबाजूचे सगळे वळून पाहायला लागले. साठ वर्षांचे कल्याणप्पा चोरी पकडल्यासारखे उभे राहिले, पिवळा अंगठा वर करून. मग त्यांनी तोच अंगठा कपाळाला लावला, उरलेली पुडी देवाच्या दिशेनं उधळली आणि गर्दीत मिसळले. मागं घुंगरू वाजलं, थांबलं.